स्लो कुकरमधला बटाटा-सॉसेज-चीज कॅसरोल: सात तासांनीही बटाटे कडक, चीज फाटलेलं

निळीशाई

नमस्कार मंडळी,

काल पहिल्यांदाच स्लो कुकरमध्ये (मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) बटाटा, सॉसेज आणि चीजचा कॅसरोल लावला. (कॅसरोल म्हणजे इथे पदार्थ, जेवण गरम ठेवायचा डबा नव्हे.) सकाळी दहाला 'लो'वर सुरू केला, संध्याकाळी पाचला झाकण काढलं. वास फार सुंदर होता. पण बटाट्यात सुरी घातली तर ती वरून सहज जायची आणि मधोमध अडायची. दाताखाली करकर. चीज तर बघवत नव्हतं, रव्यासारखे बारीक दाणे झालेले आणि भांड्याच्या कडेने पिवळं तेल सुटलेलं. जेवायला चारजण बसलेले, त्यामुळे बटाटे वेचून मायक्रोवेव्हमध्ये मऊ केले आणि वेळ मारून नेली.

काय घातलं होतं ते सांगते. एक किलो बटाट्यांच्या मोठ्या फोडी, ४०० ग्रॅम स्मोक्ड सॉसेज, एक कच्चा कांदा, एक कप सावर क्रीम, एक कप दूध आणि पाकिटातलं किसलेलं चीज २५० ग्रॅम. सगळं एकदमच घातलं. सॉसेज तळाला, त्यावर बटाटे.

हा पदार्थ मला मनापासून नीट जमवायचा आहे. कुठे चुकलं?

---

चुलीपाशी

निळीशाई, वाईट वाटून घेऊ नकोस, बहुतेकांचा पहिला खेप असाच होतो. तीन गोष्टी विचारते. फोडी किती मोठ्या होत्या? मधे झाकण किती वेळा उघडलंस? आणि कुकर किती लिटरचा, किती भरला होतास?

---

निळीशाई

ताई, एका मध्यम बटाट्याच्या चार फोडी केल्या होत्या. झाकण चार-पाच वेळा तरी उघडलं, ढवळायला. कुकर ४ लिटरचा आहे, अर्ध्याच्या जरा वर भरला होता.

---

चुलीपाशी

भरणी बरोबर आहे. स्लो कुकर निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत भरलेला असावा. त्याहून कमी असेल तर कडा करपतात, जास्त असेल तर मधलं लवकर तापतच नाही.

बाकी तीन जागी घोळ आहे. सॉसेज खाली आणि बटाटे वर, हा पहिला. स्लो कुकरची उष्णता भांड्याच्या भिंतीतून आणि तळातून येते, वरून काहीच येत नाही. ज्याला शिजायला सर्वांत जास्त वेळ लागतो त्याची जागा तळाला आणि कडेला. सॉसेज स्मोक्ड म्हणजे आधीच शिजलेलं, ते वर बसलं तरी चालतं. दुसरा घोळ फोडींचा. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी फोड नको, आणि सगळ्या सारख्या हव्यात. तिसरा झाकणाचा. दर वेळी उघडलं की साठलेली वाफ जाते आणि तापमान परत जागेवर यायला वीस मिनिटं, कधी अर्धा तास लागतो. पाच वेळा म्हणजे तू जवळपास दोन तास गमावलेस.

चौथी शंका सावर क्रीमची आहे, पण ते बारीक_आच यांनी सांगावं, त्यांचा विषय आहे.

---

बारीक_आच

ताईंनी आठवण काढली म्हणून जरा सविस्तर लिहितो. बटाटा कडक राहण्याचं कारण नीट कळलं की पुढे कुठल्याही पाककृतीत अडत नाही.

बटाट्यात दोन गोष्टी शिजतात. एक स्टार्च. तो साधारण ६० ते ७० अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतो. दुसरी गोष्ट म्हणजे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन. ते सुटायला ८५ अंशांच्या आसपास किंवा वरचं तापमान आणि भरपूर वेळ लागतो. स्टार्च शिजला आणि पेक्टिन सुटलं नाही, की निळीशाई म्हणतात तेच होतं: वरून शिजल्यासारखा दिसतो, चावला की करकरतो.

आता स्लो कुकरची खास अडचण. बटाट्यात एक एन्झाइम असतं, ते ५५ ते ६५ अंशांदरम्यान जोमात काम करतं. ते पेक्टिनमध्ये असा बदल घडवतं की बटाट्यातलंच कॅल्शियम पेक्टिनच्या साखळ्यांना एकमेकींत बांधून टाकतं. एकदा ही बांधणी झाली की पुढे कितीही शिजवा, फोड हट्टी राहते. गॅसवरच्या पातेल्यात हा टप्पा काही मिनिटांत ओलांडला जातो. 'लो'वर, थंड दूध-क्रीम ओतून, वर झाकण उघडत राहिलं तर बटाटा त्याच पट्ट्यात तास-दीड तास रेंगाळतो.

आणि सावर क्रीम. आम्लात पेक्टिन सुटतच नाही म्हटलं तरी चालेल. टोमॅटो, व्हिनेगर, वाईन, सावर क्रीम यांतलं काहीही बटाटा मऊ होण्याआधी घातलं की बटाटा अडून बसतो. स्वतः ताडून पाहायचं असेल तर दोन छोट्या पातेल्यांत सारख्या फोडी उकळा, एकात चमचाभर व्हिनेगर घाला. पंधरा मिनिटांनी दोन्हींतली एकेक फोड बोटांनी दाबा. साध्या पाण्यातली चुरडते, व्हिनेगरमधली तशीच राहते. मी हे केलं तेव्हा व्हिनेगरमधल्या फोडीची धार अगदी सुरीने नुकती कापल्यासारखी शाबूत होती.

म्हणून उपाय दोन, दोन्ही केले तर उत्तम. फोडी आधी मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं उकळून घ्या, म्हणजे ते एन्झाइम निकामी होतं आणि रेंगाळण्याचा प्रश्नच उरत नाही. आणि कुकरमध्ये जाणारं पाणी किंवा स्टॉक (भाज्या किंवा मांस उकळून गाळलेलं पाणी) कडकडीत गरम असू द्या.

'लो' आणि 'हाय'बद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. बहुतेक कुकरमध्ये दोन्ही सेटिंग शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात, उकळीच्या जरा अलीकडे. फरक आहे तो तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळाचा. या पदार्थात ती पोचण्याची घाई आपल्यालाच हवी असते, म्हणून पहिला तास तरी 'हाय'वर ठेवावा असं माझं ठाम मत आहे.

---

निळीशाई

हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं जास्त वेळ ठेवला की सगळं शिजतंच. खूप आभार दादा.

---

उंबरठा

माहितीपूर्ण प्रतिसाद. फक्त पाच मिनिटं उकळण्याला माझा थोडा विरोध आहे. स्लो कुकर वापरायचा तो भांडी कमी पडावीत म्हणून. बारीक फोडी, गरम स्टॉक आणि 'हाय'वर चार तास, एवढ्यावर माझे बटाटे न उकळताही शिजतात. सॉसेजही मी परतत नाही, स्मोक्ड असतं तर चव त्यात असतेच.

---

चुलीपाशी

उंबरठा, न उकळता होतात हे मान्य, मीही घाईत तसंच करते. पण सॉसेजच्या बाबतीत मात्र ऐकणार नाही! स्लो कुकरमध्ये काहीही शंभर अंशांच्या वर जात नाही आणि आत सगळी वाफ. खरपूस रंग आणि ती भाजकी चव यायला कोरडा पृष्ठभाग आणि १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. ती तव्यावरच मिळते. न परतलेलं सॉसेज सहा तासांनी फिकं आणि पाण्यात भिजल्यासारखं लागतं, वर त्याची चरबी रश्श्यात उतरून तवंग धरते.

परतताना अर्धा सेंटिमीटर जाड चकत्या करायच्या, तवा चांगला तापलेला हवा आणि चकत्या एकमेकींना चिकटून नकोत. एक बाजू दोन-तीन मिनिटं अजिबात हलवायची नाही. कडा किंचित वर उचलल्या जातात आणि खालून तांबूस कड दिसते, तेव्हाच उलटायची. चकत्या काढल्या की त्याच चरबीत कांदा. कच्चा कांदा कुकरमध्ये टाकला तर तासन्‌तास त्याचा उग्रपणा जात नाही, त्यामुळे कांद्याला इथे दहा मिनिटं द्यायची. शेवटी तव्यात पळीभर स्टॉक ओतून तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्यायचं. सगळ्या पदार्थाची चव त्या खरवडीत असते, ती धुऊन टाकणाऱ्यांचं मला फार वाईट वाटतं.

सॉसेज कच्चं असेल तर आवरण काढून, मोकळं करून, गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत परतावं आणि चरबी निथळून टाकावी.

माझं प्रमाण ४ लिटरच्या कुकरसाठी असं आहे. सव्वा किलो बटाटे, ४०० ग्रॅम सॉसेज, दोन मध्यम कांदे, चार लसूण पाकळ्या. दोन मोठे चमचे बटरमध्ये दोन मोठे चमचे मैदा मिनिट-दोन मिनिटं मंद आचेवर परतते, रंग बदलू देत नाही, त्यात २५० मिली गरम स्टॉक थोडा थोडा घालून सॉस करते. मिरपूड, थोडी पॅप्रिका, थाइम. मीठ अगदी बेतानं, कारण सॉसेज आणि चीज दोन्ही खारट. बटाटे तळाला, वर कांदा, वर सॉसेज, वरून सॉस. 'हाय'वर साडेतीन ते चार तास, किंवा पहिला तास 'हाय' आणि नंतर 'लो'वर चार-पाच तास. सॉस आधी कमी वाटेल, बटाटे अर्धेसुद्धा बुडणार नाहीत. वाढवायचा मोह टाळावा. झाकणाखाली पाणी आटत नाही, उलट बटाटा आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात.

बटाटा सुरीने सहज कापला जायला लागला की मगच १५० मिली क्रीम, अर्धा कप सावर क्रीम आणि २०० ग्रॅम चीज. त्यानंतर जास्तीत जास्त अर्धा तास.

---

पानगळ

चीजबद्दल मला लिहायचंय, कारण यात मी बरीच वर्षं घातली आहेत.

चीज म्हणजे दुधातल्या प्रथिनांचं जाळं, आणि त्या जाळ्यात धरून ठेवलेले चरबीचे थेंब आणि पाणी. हलकी उष्णता मिळाली की जाळं सैल होतं, चीज वाहतं. तेच चीज उकळीजवळ तासन्‌तास ठेवलं की प्रथिनं आकसतात, पाणी पिळून बाहेर टाकतात, चरबी मोकळी सुटते. निळीशाईंनी जे दाणे आणि पिवळं तेल पाहिलं ते हेच. सात तास हा चीजवर अन्याय आहे, त्याला वीस मिनिटं पुरतात.

दुसरं, पाकिटातलं किसलेलं चीज. किस एकमेकांना चिकटू नये म्हणून त्याला बटाट्याच्या स्टार्चची किंवा सेल्युलोजची पूड लावलेली असते. त्यामुळे ते एकसंध वितळत नाही, सॉस जरा भरभरीत होतो. वडी आणून किसणीवर स्वतः किसावं. थंड चीज चांगलं किसलं जातं, पण सॉसमध्ये घालायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवावं.

तिसरं, कुठलं चीज? फार मुरलेलं, धारदार चवीचं चेडर एकटं वापरलं तर लवकर फाटतं. कोवळं चेडर, गौडा, मॉन्टेरे जॅक ही छान वितळतात. मी तीन भाग कोवळं चेडर घेते आणि एक भाग मुरलेलं, चवीपुरतं. नुसतं मोझरेला घातलं तर तारा सुटतात पण सॉस होत नाही, आणि चवही सपक. प्रोसेस्ड चीजला लोक नाकं मुरडतात, पण त्यातल्या सायट्रेट किंवा फॉस्फेट क्षारांमुळे ते सहसा फाटत नाही. वडीतल्या चीजबरोबर त्याच्या दोन-तीन चकत्या घातल्या तर सगळा सॉस सावरतो. मला यात कमीपणा वाटत नाही.

ताईंच्या सॉसमधल्या मैद्याचं कामही हेच आहे. स्टार्च प्रथिनांच्या मधे येतो आणि त्यांना गोळा होऊ देत नाही. दुधाचंही तसंच: कमी स्निग्धांशाचं दूध लांब शिजवलं की फाटतं, क्रीम किंवा आटवलेलं बिनसाखरेचं डब्यातलं दूध टिकतं.

आणि चीज घालताना कुकर 'लो'वर आणा किंवा बंदच करा. भांड्यातली उष्णता पुरेशी असते. निम्मं चीज हलक्या हाताने मिसळायचं, निम्मं वर पसरायचं, झाकण ठेवायचं आणि वीस मिनिटं बघायचंसुद्धा नाही.

---

बारीक_आच

पानगळ, +१. एक पुरवणी जोडतो. शेवटच्या अर्ध्या तासात झाकणाच्या आतल्या बाजूचं पाणी चीजवर ठिबकतं आणि वर पांढुरकी डबकी होतात. झाकणाखाली स्वच्छ सुती कापड ताणून ठेवलं की ते पाणी कापड शोषतं. कापडाची टोकं मात्र झाकणावर उलटी घेऊन बांधा, बाजूला तापलेल्या धातूवर लोंबू देऊ नका.

---

रातकिडा

मी रोज दहा तास घराबाहेर असतो. सॉसेज फ्रीजरमधून काढून सकाळी थेट टाकलं आणि 'लो'वर लावून गेलो तर चालेल का? की रात्रीच सगळं भांड्यात भरून फ्रीजमध्ये ठेवू?

---

चुलीपाशी

रातकिडा, गोठलेलं सॉसेज थेट अजिबात नको. ४ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. गोठलेलं मांस स्लो कुकरमध्ये त्या पट्ट्यात फार वेळ अडकतं. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळायला ठेवायचं. कच्चं सॉसेज वापरलंत तर आतलं तापमान थर्मामीटरने बघून घ्या: डुकराचं किंवा गाईचं मांस असेल तर ७१ अंश, कोंबडीचं किंवा टर्कीचं असेल तर ७४.

भरलेलं भांडं रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी लावणंही टाळा. ती जाड चिनीमाती गार झालेली असते, तापायलाच खूप वेळ घेते. शिवाय एकदम तापवली तर तडकू शकते. रात्री बटाटे कापून पाण्यात बुडवून ठेवा, म्हणजे काळे पडणार नाहीत. सॉसेज आणि कांदा वेगवेगळ्या डब्यांत. कच्चं सॉसेज मात्र रात्री अर्धवट परतून ठेवायचं नाही, एक तर पूर्ण परता किंवा सकाळी परता.

दहा तास या पदार्थाला जास्तच होतात. वेळ संपल्यावर आपोआप 'वॉर्म'वर जाणारा कुकर असेल तर सहा तासांवर लावा आणि क्रीम-चीज घरी आल्यावर घाला. उशिरा सुरू होणारा टायमर मात्र वापरू नका, त्यात मांस चार-चार तास नुसतं कोमट बसून राहतं.

---

रातकिडा

समजलं ताई. घरी आल्यावर चीज, हे जमण्यासारखं आहे.

---

काजवा

आमच्याकडे मांस चालत नाही. सॉसेजच्या जागी राजमा घालावा असा विचार आहे. रात्री भिजवून सकाळी थेट कुकरमध्ये घातला तर?

---

उंबरठा

काजवा, थांबा! हे कृपया नीट वाचा. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, आणि ते निकामी व्हायला खळखळती उकळी लागते. काही स्लो कुकर तेवढे तापत नाहीत. अर्धवट शिजलेला राजमा तर कच्च्याहूनही जास्त बाधू शकतो, थोड्याच दाण्यांनी उलट्या आणि जुलाब सुरू होतात. पाच तास तरी भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो, तो निथळून थेट चालेल.

गंमत अशी की हे यंत्र जन्माला आलं तेच अशा दाण्यांसाठी. शिकागोच्या अर्व्हिंग नॅक्सन यांना १९४० मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि त्यांच्या कुकरचं नावच 'बीनरी' होतं. पुढे रायव्हल कंपनीने तो धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावाने बाजारात आणला.

पण माझं मत विचाराल तर राजम्यापेक्षा मशरूम घ्या. पाणी पूर्ण सुटून आटेपर्यंत मोठ्या आचेवर परतलेले मशरूम आणि स्मोक्ड पॅप्रिका यांनी सॉसेजची उणीव बरीच भरून निघते.

---

काजवा

बाप रे, बरं झालं विचारलं. मशरूमच करते.

---

पानगळ

घाईतल्या मंडळींसाठी: बटाट्यांऐवजी ९०० ग्रॅम फ्रोजन हॅश ब्राऊन (गोठवलेला बटाट्याचा कीस) वापरता येतात. ते कारखान्यातच वाफवलेले असतात, त्यामुळे कडक राहण्याची भीती नाही, 'लो'वर चार तासांत होतात. पण वितळवून, पिळून पाणी काढल्याशिवाय घातले तर सगळं पातळ होतं. मला स्वतःला फोडींचा कॅसरोल आवडतो, किसाचा गिचका होतो.

---

निळीशाई

मंडळी, आज परत केला!

बटाटे दोन सेंटिमीटरच्या फोडी करून मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळले, निथळले. सॉसेज परतलं, ताईंनी सांगितल्याप्रमाणे तीन मिनिटं हात लावला नाही, खालून खरंच तांबूस कड आली. तव्याची खरवड सॉसमध्ये. सॉस इतका कमी दिसत होता की मी कप भरून दूध हातात घेतलं होतं, मग ताईंचं वाक्य आठवलं आणि कप परत ठेवला. 'हाय'वर लावलं आणि सव्वातीन तास झाकणाला हात लावला नाही. काचेवर वाफ होती, आतलं काहीच दिसत नव्हतं, तो वेळ फार अवघड गेला.

उघडलं तेव्हा सॉस बटाट्यांच्या निम्म्यापर्यंत चढलेला होता. तळातली एक फोड चमच्याने दाबली, ती न अडखळता दुभंगली, आतून पिठूळ आणि पांढरीशुभ्र. मग कुकर बंद, क्रीम, सावर क्रीम, वडीचं किसलेलं कोवळं चेडर आणि झाकणाखाली कापड. वीस मिनिटांनी चमचा घातला तर सॉस चमच्याच्या पाठीला गुळगुळीत चिकटला. एकही दाणा नाही, तेल नाही. कापड उचललं तर ओलं गच्च होतं, ते सगळं पाणी चीजवर पडलं असतं.

घरच्यांनी दोनदा वाढून घेतलं. ताई, बारीक_आच दादा, पानगळ, सगळ्यांचे मनापासून आभार.

एकच विचारायचं राहिलं. दोन वाट्या उरलाय, उद्या याच कुकरमध्ये गरम करू का?

---

चुलीपाशी

वा, वाचूनच समाधान वाटलं!

कुकरमध्ये गरम नको, तापायला फार वेळ घेतो. दोन तासांच्या आत उथळ डब्यात काढून फ्रीजमध्ये टाक, तीन-चार दिवस टिकेल. गरम करताना पातेल्यात दोन चमचे दूध घालून मंद आचेवर, मधून मधून हलवत, मधोमध चांगलं वाफाळेपर्यंत. आणि आतलं भांडं अजून गरम असेल तर त्यावर गार पाणी सोडू नकोस, आधी ओट्यावर पूर्ण निवू दे.